गोमाजी हळू बोलायला शिकला

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात गोमाजी नाखवा घरात आहे की नाही, हे विचारायला त्याच्या दारापर्यंत जायची वेळ कुणावर कधी आली नाही. तो घरात असला तर गल्लीच्या तोंडालाच कळायचं. देवानं त्याला शरीर बेताचं दिलं, उंची बेताची दिली, अक्कलही (त्याच्या बायकोच्या, म्हणजे सगुणाच्या मते) बेताचीच दिली, आणि उरलेलं सगळं गळ्यात ओतलं. त्यात त्याचा तरी काय दोष? जन्म खाडीवर गेला. वारा तोंडावर असताना पलीकडच्या होडीतल्या माणसाला ‘दोर सोड’ म्हणून सांगायचं तर कुजबुजून भागत नाही. चाळीस वर्षं असं ओरडल्यावर माणूस ताटावर बसून मीठही त्याच आवाजात मागतो. एकदा रेशनच्या दुकानात त्यानं नुसतं ‘साखर आली काय’ एवढं विचारलं, तर आतला माणूस भांडण आलं समजून मालकाला बोलवायला पळाला.

अशा माणसाच्या घरी जनी, त्याची नात, जन्माला आली आणि तिला ऐकू येत नव्हतं.

पहिली दोन वर्षं गोमाजीनं हे मानलंच नाही. पोर हट्टी आहे, आजीवर गेली आहे, असं त्याचं निदान होतं. ते सिद्ध करायला तो हळूच तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा आणि ‘जने!’ म्हणून अशी हाक द्यायचा की समोरच्या घरातली भांडी वाजायची, पत्र्यावरची मांजर उडी टाकायची, आणि जनी आपली जमिनीवर बसून वहाणेचा अंगठा चाटत असायची. तिसऱ्या वर्षी तपासण्या झाल्या, तेव्हा गोमाजी दिवसभर होडीत जाऊन बसला. बोलला नाही. तो बोलत नाही म्हणून गल्ली घाबरली.

मग एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली जनीच्या कानात यंत्र बसवायचं ठरलं. ते कसं ठरलं, कुठल्या ट्रस्टनं हात दिला, बापानं, म्हणजे उत्तमनं, वागळे इस्टेटमधली नोकरी सांभाळून किती उंबरे झिजवले, ती कहाणी वेगळी आहे आणि ती उत्तमनं सांगावी. आपल्यापुरतं इतकंच, की कानामागं ऑपरेशन करून आत एक भाग बसवला, आणि बाहेर एक भाग राहिला. बाहेरचा भाग म्हणजे छातीशी बांधायची काडेपेट्यांच्या जोडीएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरच्या टोकाला डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारी एक चकती. डबीत पेन्सिल सेल. चकती डोक्यावर असेल तर ऐकू येणार, काढली की पुन्हा सामसूम.

जखम भरल्यावर महिन्याभरानं मुंबईच्या इस्पितळात यंत्र सुरू केलं. उत्तमनं तिथूनच कोळीवाड्यातल्या वाण्याच्या दुकानात फोन लावला. गोमाजी सकाळपासून दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून होता. उत्तम म्हणाला, “बाबा, चालू झालं. पोरीला आयकू आलं.” पुढचं वाक्य ‘डॉक्टर बोल्लेत, घरात एकदम शांत ठेवा’ असं होतं. पण ते ऐकायला गोमाजी फोनवर नव्हता. तो रस्त्यावर होता आणि महिपतच्या घराकडे धावत होता.

महिपत म्हणजे कोळीवाड्याचा बँड. इथं नवी होडी पाण्यात गेली तरी बँड, बारसं झालं तरी बँड, हळद तर बँडशिवाय अंगाला लागतच नाही. चांगलं काही घडलं आणि ते वाजवून सांगितलं नाही तर ते घडलंच नाही, असा इथला हिशेब. मग नातीला कान फुटल्याचा दिवस गोमाजी कोरडा घालवेल? संध्याकाळी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा चौदा माणसं, दोन ढोल, सनई, चार पितळी कर्णे आणि बघायला आलेला सगळा वाडा तयार उभा होता. लक्ष्मी, जनीची आई, रिक्षातूनच दोन्ही हात हलवून ‘नको, नको’ करत होती. गोमाजीला वाटलं, सून आनंदानं हात हलवतेय. त्यानं महिपतला खूण केली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. जनीनं चकती उपटून गटाराच्या दिशेनं भिरकावली, वायरीमुळे ती तिच्याच अंगावर परत आली, तेव्हा ती आणखी घाबरली. कान दोन्ही हातांनी दाबून ती आईच्या पोटात घुसायला बघत होती. बँड थांबला, तर शेजारणी धावल्या आणि एकेकीनं तिच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारलं, “जने, आयकू येतंय गो? मी कोन?” करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या रात्रीपासून चकती डोक्याजवळ नुसती नेली तरी जनी किंचाळायची.

आता खरं सांगायचं तर जनीचं आणखी एक प्रकरण होतं. ते आधीपासूनच होतं, पण ‘ऐकू येत नाही म्हणून’ या एका खुंटीला घरानं सगळंच टांगून ठेवलं होतं. डोक्याला तेल लावायला घेतलं की ती रडून रडून निळी व्हायची. फ्रॉकच्या मानेमागची पट्टी कापून टाकल्याशिवाय फ्रॉक अंगात राहायचा नाही. चवड्यांवर चालायची आणि सपाट जमिनीवर धडपडायची. मऊ भात तोंडात गेला की ओकारी काढायची, कडक भाजलेला सुका बोंबील मात्र दिवसाला चार खायची. कुणी मायेनं गालाला हात लावला की गाल खसाखसा पुसून टाकायची. “राणी हाय, राणी,” सगुणा म्हणायची आणि हसण्यावारी न्यायची. यंत्र आल्यावर मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं उरलं नाही. कारण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: यंत्र डोक्यावर राहिलं तरच मेंदू ऐकायला शिकतो, आणि शिकायचं वय हेच आहे. पोर चार पूर्ण करत आली. मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासू. तोवर ती रोज काही तास यंत्र घालत नसेल, तर खुणांच्या शाळेचं बघा.

खुणांच्या शाळेत वाईट काही नव्हतं. तिथली मुलं शिकतात, मोठी होतात, गोमाजीलाही ते ठाऊक होतं. पण त्याला नातीनं आपला आवाज ऐकायला हवा होता. उभ्या ठाण्यानं ऐकला, तिनंच तेवढा ऐकला नव्हता. आणि ते जर आता व्हायचं नसेल, तर त्याला कारण आपण आणि आपला बँड, हे त्याच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं.

त्यावर त्यानं आपल्या पद्धतीचा इलाज केला. त्यानं गल्लीला गप्प केलं. सकाळी घरोघर फिरून, यच्चयावत माणसांना आपल्या नेहमीच्या आवाजात बजावलं की आजपासून कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आठ दिवस चेंदणी कोळीवाड्याची ती गल्ली कुजबुजत होती. नळावर दोन बायका कुजबुजत भांडल्या. शिव्या सगळ्या त्याच, पण चव गेलेल्या. महिपत कर्णा फडक्यात गुंडाळून पुसायचा, न जाणो वारा शिरून वाजला तर. सगुणा बाजारात दिवसभर गळा फोडून मासळी विकायची आणि घरी आल्यावर नवऱ्याशी खुणांनी बोलायची. त्या खुणा सभ्य नसायच्या.

याचा जनीवर काडीचा परिणाम झाला नाही.

शेवटी इस्पितळानं कल्याणच्या हेमाताईंचं नाव दिलं. पारनाक्याजवळ दोन खोल्यांत त्या ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायच्या. लक्ष्मीला दिवस गेलेले, उत्तमची पाळी चुकवता येत नव्हती, तेव्हा पोरीला न्यायचं काम गोमाजीकडे आलं. लोकलगाडीचा भोंगा जनीला अंगातून जाणवायचा आणि ती फलाटावर लोळण घ्यायची, म्हणून हा गृहस्थ खोपटच्या डेपोतून कल्याणची एसटी धरायचा. अर्ध्या तासाच्या जागी दीड तास. एसटीच्या काचा असा खडखडाट करायच्या की शहाण्या माणसाचे दात हलावेत, पण जनी खिडकीच्या दांड्याला कपाळ टेकून शांत बसायची. गोमाजीला याचं नवल वाटलं. आवाज नको असलेल्या पोरीला हादरे कसे चालतात, हे त्याला उमगेना, पण त्यानं ते लक्षात ठेवलं.

हेमाताईंनी पहिल्या दिवशी जनीला हातही लावला नाही. ती खोलीभर चवड्यांवर फिरत होती, त्या नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी गोमाजीला विचारलं, “काका, यंत्र सुरू केलं त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं?”

“काय नाय म्याडम. जरा पावणे आलेले.”

“किती?”

गोमाजीनं छताकडे बघितलं. “गल्ली.”

“बरं. मग? कुणी मोठ्यानं बोललं का? काही वाजवलं वगैरे?”

“वाजवलं जरासं.”

“जरासं म्हणजे?”

“चौदा मानसं,” गोमाजी म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं समोरच्या माणसाला नीट ऐकू आलं नाही. हेमाताईंना पुन्हा विचारावं लागलं. तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं: फोन, धावणं, महिपत, कर्णे. सांगता सांगता त्याचे डोळे भरले. “माज्यामुलं झालं म्याडम. पोरीचा कान मीच फोडला.”

हेमाताई हसल्या नाहीत. हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. त्या म्हणाल्या, “काका, कान फुटलेला नाही. बँडमुळे ती घाबरली हे खरं, पण सगळं बँडच्या माथी मारू नका. हिला तेल सोसत नाही, फ्रॉकची पट्टी सोसत नाही, तोल सांभाळता येत नाही. आपल्या अंगावर शंभर गोष्टी येतात, त्यांतल्या नव्व्याण्णव आपण बाजूला सारतो. हिला ते सारता येत नाही, सगळ्या एकदम अंगावर येतात. आता त्यात आपण आवाज घातला, जो हिनं जन्मात ऐकला नव्हता. आधी हिचं अंग शांत व्हायला हवं, मग कान.”

“गल्ली गप केली हाय मी.”

“गल्लीला बोलू द्या हो. कुजबुज नको. एका वेळी एकच आवाज, तोही हिला दिसेल असा. आणि मला सांगा, ती आपण होऊन शांत कुठे बसते?”

गोमाजीनं विचार केला. मग त्याला एसटीचा दांडा आठवला, तो त्यानं सांगितला. आणि मग म्हणाला, “आणि जाल्याखाली.”

गोमाजीच्या पडवीत एक जुनं डोलीचं, म्हणजे खाडीच्या ओढीत पिशवीसारखं लावायचं, जाळं पडून होतं. नायलॉन येण्याआधीचं, जाड सुती दोऱ्याचं, उचलायला दोन माणसं लागतील इतकं जड. खाडीत मासळीच उरली नाही म्हणून ते वापरात नव्हतं, पण गोमाजीचे हात रिकामे राहायला शिकले नव्हते. तो रोज सकाळी पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचा आणि लाकडी सुईनं फाटलेली घरं विणत बसायचा. जनी येऊन त्याच्या ढिगाखाली शिरायची, मानेपर्यंत, आणि तासभर हलायची नाही. मायेच्या हातानं अंगाचा तिळपापड करून घेणारी पोर मणभर दोराखाली डोळे मिटून पडायची. घरातले तिला ओढून बाहेर काढायचे, कारण जाळ्याला वास येतो.

हेमाताई खुर्चीवरून उठल्याच. “काका, तिला बाहेर काढू नका! वजन अंगावर आलं की तिला आपलं अंग कुठे आहे ते कळतं. तिथंच, जाळ्याखालीच यंत्र लावा. पहिल्यांदा एक मिनिट.”

घरी येईपर्यंत गोमाजीच्या डोक्यात कारखाना सुरू झाला. वजनानं बरं वाटतं तर वजनाला काय तोटा? दुसऱ्या खेपेला त्यानं हेमाताईंपुढे जनीचं एक जाकीट ठेवलं. त्याच्या कडेनं जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ओळीनं शिवल्या होत्या आणि छातीशी डबीसाठी खिसा होता. शिवण इतकी देखणी की बघत राहावं. हेमाताईंनी कपाळाला हात लावला. “काका, शिसं! मुलं तोंडात घालतात. विष आहे ते.” गोमाजी तसाच खाली बसला आणि त्यानं तिथंच गोळ्या उसवल्या. पुढच्या खेपेला त्या जागी चिंचोक्यांच्या पुरचुंड्या होत्या. चालताना जनी खुळखुळायची. सगुणा म्हणाली, “पोर हाय का नंदीबैल?” पण जनीनं ते जाकीट अंगावरून काढलं नाही, आणि मानेमागं पट्टी नव्हती.

मग रोज सकाळी सात वाजता पडवीत एक सोहळा सुरू झाला. जनी जाळ्याखाली. गोमाजी समोर फळी घेऊन. लक्ष्मी चकती आधी जनीच्या हातात द्यायची, मग खांद्यावर ठेवायची, मग डोक्यावर. गोमाजी लाकडी सुई जनीला दाखवायचा, उंच धरायचा, आणि फळीवर एक ठोका मारायचा. टक. मग थांबायचा. थांबणं हे गोमाजीला उभ्या आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. ठोका मारला की दुसरा मारायला हात शिवशिवायचा, ‘आयकलंस काय गो?’ म्हणून विचारायला जीभ वळवळायची. तो दातांत दोरा धरून बसायचा, म्हणजे तोंड बंद राहील.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट. मग तीन. शिमग्याला दहा. मधे एक दिवस कुत्रं भुंकलं आणि सगळं पाण्यात गेलं, पुन्हा एकापासून सुरुवात. एप्रिल उजाडला तेव्हा जनी जाळ्याखाली पाऊण तास चकती ठेवायची. पण ठेवायची म्हणजे नुसती सोसायची. ठोका पडला तर मान वळत नव्हती, चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. पाऊण तास झाला की स्वतःच्या हातानं चकती काढून डबीसकट आजोबांच्या मांडीवर ठेवायची आणि पळायची. ते सोसणं होतं की ऐकणं, हे हेमाताईंनाही सांगता येईना. “तपासणीत कळेल,” त्या म्हणाल्या, पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता.

तपासणी मंगळवारी होती. शनिवारी उत्तमनं खुणांच्या शाळेचा कागद आणून फळीवर ठेवला आणि कामाला गेला. गोमाजीनं तो वाचला नाही. त्याला वाचता येत नव्हतं हे एक कारण, आणि त्यात काय आहे हे ठाऊक होतं हे दुसरं. त्या दिवशी त्याचा हात जड पडत होता. तरी त्यानं सुई उंच धरली, जनीला दाखवली आणि ठोका मारला. थांबला. पुन्हा मारला. थांबला. अर्धा तास असा गेला.

मग जनी जाळ्यातून बाहेर आली. वेळ झाली नव्हती, तरी आली. तिनं चकती काढली आणि डबी गोमाजीच्या मांडीवर आपटली. गोमाजीला कळलं, की संपलं. आज पाऊण तासही नाही. त्यानं डबी उचलली, वायर गुंडाळली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायला हात पुढे केला.

जनीनं भोकाड पसरलं. ती पेटीवर बसली. उठून तिनं गोमाजीच्या हातातली सुई हिसकावली आणि फळीवर मारली. फळीकडे बघितलं. पुन्हा मारली, जोरानं, मग फळीला कान लावला. मग ती वायर सोडवून चकती स्वतःच्या डोक्याला घासायला लागली, या बाजूनं, त्या बाजूनं, आणि रडत होती. लक्ष्मी स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं डबी उलटी करून बघितली.

“बाबा,” ती म्हणाली, “दिवा लागत नाय. सेल उतरलाय.”

गोमाजीला ते कळायला क्षण लागला. पोर यंत्र काढून टाकत नव्हती. पोर तक्रार घेऊन आली होती. टक गेला कुठं, माझा टक मला द्या, असं ती आपल्या आज्याला विचारत होती. जन्मात पहिल्यांदा तिनं आवाज मागितला होता.

लक्ष्मीनं नवा सेल घातला. चकती कुणाला लावावी लागली नाही. ती जनीनं हिसकून घेतली आणि डोक्यावर नेली, तर लोहचुंबकानं ती आपोआप बसली. गोमाजीनं सुई उचलली. ठोका धड पडला नाही, फळीच्या कडेवर निसटता लागला. जनीचं रडणं मधेच थांबलं. तिनं फळीकडे बघितलं, मग सुईकडे, मग गोमाजीच्या तोंडाकडे, आणि त्याच तोंडावरून आता पाण्याच्या धारा लागल्या होत्या. सुई खाली गळून पडली होती.

जनी जवळ आली. कुणाचा हात अंगाला लागू न देणाऱ्या त्या पोरीनं आज्याचं मनगट आपल्या दोन्ही मुठींत घट्ट पकडलं, उचललं आणि फळीवर आपटलं. मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं.

सगुणा पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती, ती दारातच थांबली. पदरानं तिनं स्वतःचे डोळे आधी पुसून घेतले, मग नवऱ्यावर ओरडली, “अवो, रडताव कशाला? पोर सांगतंय तं वाजवा ना!”

गोमाजीनं वाजवलं.